हरिहरेश्वरचा खडक आणि भरतीचा हिशेब

दरवर्षी २० मार्चला आणि २५ डिसेंबरला आमच्या परभणी जिल्ह्यातून महाडला जाणाऱ्या समाजबांधवांची संख्या लहान नाही. सेलू, मानवत, जिंतूर या बाजूंनी जीपगाड्या, टेम्पो, खासगी बस भरून निघतात. चवदार तळ्यावर अभिवादन होते, क्रांतिस्तंभापाशी सभा ऐकली जाते, स्टॉलवरून दोन-चार पुस्तके घेतली जातात आणि गाड्या आल्या वाटेने परत फिरतात. एवढे लांब जाऊन तेथून समुद्र किती दूर आहे याची चौकशी सहसा कोणी करीत नाही. समुद्र म्हणजे चैत्यभूमीच्या मागे दिसतो तो, अशी आपल्यापैकी पुष्कळांची समजूत आहे. सहा डिसेंबरच्या गर्दीत तो दिसतो तरी कितीसा!

वस्तुस्थिती अशी की महाड हे गावच खाडीच्या टोकाशी वसलेले आहे. महाबळेश्वरला उगम पावलेली सावित्री नदी पोलादपूर, महाड करीत पश्चिमेला जाते आणि बाणकोटच्या खाडीतून समुद्राला मिळते. आपल्याकडचा पाऊस दुधना, पूर्णा करीत गोदावरीला लागतो आणि तेथून तेलंगण, आंध्र ओलांडून बंगालच्या उपसागराला पोचेपर्यंत त्याचा अर्धा देश पाहून होतो. सावित्रीचा प्रवास जेमतेम शंभर-सव्वाशे किलोमीटरचा. तिच्या मुखाच्या उत्तरेला रायगड जिल्ह्यातील श्रीवर्धन तालुक्याचे हरिहरेश्वर आहे, दक्षिणेला रत्नागिरी जिल्ह्यातील मंडणगड तालुक्याचे बाणकोट आणि वेळास. २०२३ च्या डिसेंबरात महाडचा कार्यक्रम आटोपल्यावर आम्ही वालूर व आसपासची सव्वीस माणसे ठरवून पुढे गेलो. त्या प्रवासाची ही हकीकत आहे. तिच्यात वर्णनापेक्षा माहिती जास्त आहे, कारण मुलाबाळांना घेऊन तिकडे जाणाऱ्यांना ती उपयोगी पडावी अशी इच्छा आहे.

रस्ता सोपा आहे, पण लांब आहे. महाडहून मुंबईच्या दिशेने निघाले की प्रथम दासगाव लागते. त्या गावाविषयी पुढे सांगतो. मग लोणेरे, जेथे बाबासाहेबांच्या नावाचे तंत्रशास्त्र विद्यापीठ १९८९ साली स्थापन झाले. मुलांना गाडीतूनच ते दाखवावे, कमान नुसती पाहिली तरी चालते. माणगावला महामार्ग सोडून डावीकडे वळायचे, म्हसळ्यावरून डोंगर चढत-उतरत किनाऱ्याकडे यायचे. सगळे मिळून सुमारे ऐंशी-नव्वद किलोमीटर, पण वळणे इतकी की तीन तास धरावेत. रेल्वेने येणाऱ्यांना कोकण रेल्वेचे माणगाव स्टेशन सोयीचे. महाडला यायचे असेल तर दासगावजवळचे वीर स्टेशन आहे.

हा किनारा एवढा एकांतात का राहिला, हे नकाशा समोर ठेवला म्हणजे कळते. महामार्ग समुद्रापासून बराच आत आहे. किनाऱ्याने सरळ दक्षिणेला जावे म्हटले तर दर पाच-दहा कोसांवर एक खाडी आडवी येते, आणि प्रत्येक खाडीला वळसा घालायचा तर दिवस मोडतो. पूर्वी मुंबईहून निघणाऱ्या आगबोटी हेच कोकणचे खरे दळणवळण होते. पावसाळ्यात त्याही बंद राहत. आगबोटी गेल्या आणि समुद्राकडे तोंड करून बसलेली ही गावे एकाएकी मागच्या दारी पडली.

एकांताला दुसरीही बाजू आहे. १९९३ साली मुंबईत जे बॉम्बस्फोट झाले, त्यांतले आर.डी.एक्स. याच श्रीवर्धन तालुक्यातील शेखाडीच्या किनाऱ्यावर रात्री उतरवले गेले होते. २०२२ च्या १८ ऑगस्टला हरिहरेश्वरजवळ एक बेवारशी बोट लागली, तिच्यात तीन एके-४७ रायफली निघाल्या आणि सगळा जिल्हा हादरला. तपासात निघाले ते असे : ओमानकडच्या समुद्रात जून महिन्यात बोट बिघडली, त्यावरची माणसे वाचवली गेली आणि रिकामी बोट पावसाळी वाऱ्यापाण्याबरोबर वाहत येथे आली. समुद्र कोठली वस्तू कोठे आणून टाकील याचा नेम नाही.

आमच्यापैकी एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी म्हसळ्याच्या अलीकडेच विचारले होते, "महाडला येऊन आता तुम्ही आम्हाला देवळात नेता काय?" प्रश्न रास्त होता. हरिहरेश्वरला लोक 'दक्षिण काशी' म्हणतात आणि येणारे बहुतेक यात्रेकरूच असतात. त्यांना मी सांगितले, तात्या, खडकाकडे उतरणारी वाट देवळाच्या मागून निघते, म्हणून तेथवर जायचे. हात जोडायचे की नाही हे ज्याचे त्याने पाहावे. तात्या मग बाहेरच्या कट्ट्यावर बसून राहिले, आणि खाली उतरायची वेळ झाली तेव्हा सर्वांच्या पुढे होते.

आता खडकाविषयी. आपल्याकडे विहीर खणलेल्या माणसाला खडक शिकवावा लागत नाही. वर काळी माती, तिच्याखाली चुनखडीचे खडे असलेला पांढरट थर, मग मुरूम, मग ज्याला आपण मांजऱ्या म्हणतो तो मऊसर, भोकाभोकांचा, पांढरे-हिरवट ठिपके असलेला दगड, आणि त्याच्याही खाली सुरुंगाशिवाय न फुटणारा काळा पाषाण. कधी कधी काळ्या पाषाणाखाली पुन्हा मांजऱ्या लागतो आणि पाणीही तेथेच लागते. याचे कारण असे की हा सगळा दगड एकदम ओतलेला नाही. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या, त्यांतून तापलेला रस बाहेर आला, पसरला, थंड झाला, आणि त्याच्यावर पुन्हा नवा थर आला. असे थरावर थर. प्रत्येक थराचा माथा वायूच्या बुडबुड्यांनी सच्छिद्र झाला, तो मांजऱ्या. पोटातला भाग हळूहळू निवला, तो घट्ट काळा पाषाण. इंग्रजीत त्याला बेसॉल्ट म्हणतात. आजही सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर प्रदेश या दगडाखाली आहे. सह्याद्रीच्या बाजूला त्याची जाडी दीड-दोन किलोमीटर भरते, पूर्वेकडे, विदर्भाकडे, ती कमी होत जाते. आमच्या वालूरची बारव ज्या दगडात बांधली आहे, वेरूळची लेणी ज्यात कोरली आहेत आणि हरिहरेश्वरचा जो कडा समुद्रात उभा आहे, ते सगळे याच एका कुळातले.

वालूरची बारव ज्यांनी पाहिली नसेल त्यांना सांगायला हवे. तिच्या पायऱ्या सरळ खाली जात नाहीत, गोल फिरत फिरत पाण्यापर्यंत उतरतात. कित्येक वर्षे ती गाळाने व झुडपांनी भरलेली होती, गावकऱ्यांनी राबून ती मोकळी केली. त्या पायऱ्यांवर शेवाळ सोडले तर झीज फारशी नाही. पाषाण जसा घडवला तसाच आहे. बारवेचे पाणी उभे असते, त्याला दगड झिजवण्याचे काही कारण नसते. समुद्राचे तसे नाही. तो दिवसातून दोनदा येतो, दोनदा जातो, आणि येताना वाळूगोटे बरोबर घेऊन येतो. एकाच दगडाला उभे पाणी आणि चालते पाणी मिळाले तर काय फरक पडतो, हे पाहायचे असेल तर वालूर आणि हरिहरेश्वर ही दोन गावे पाहावीत.

कोकणात मात्र या थरांचे आणखी काही झाले आहे. आपल्याकडे ते अंथरुणावर वाकळा टाकाव्यात तसे आडवे पडलेले आहेत. किनाऱ्याजवळ ते समुद्राकडे कललेले आहेत. लाव्हा येऊन गेल्यावर काही काळाने पश्चिमेकडचा भूभाग तुटला, त्यातला एक तुकडा, आजची सेशेल्स बेटे ज्यावर आहेत तो, दूर सरकत गेला, आणि मधल्या पट्ट्यात जमीन वाकून खचली. सह्याद्रीचा कडा तेव्हा आजच्यापेक्षा समुद्राच्या बराच जवळ असावा, पावसाने तो झिजवत झिजवत पूर्वेला मागे नेला, आणि मागे उरलेली खडबडीत पट्टी म्हणजे कोकण, असे भूशास्त्रज्ञ मानतात. या पट्टीवर पाऊस इतका पडतो की काही ठिकाणी काळ्या दगडातले इतर द्रव्य धुऊन गेले व लोखंड आणि ॲल्युमिनियम तेवढे वर राहिले. तोच तांबडा जांभा दगड. श्रीवर्धनपासून दक्षिणेला तो वाढत जातो. घरांच्या भिंती, गडगे, विहिरी सगळे जांभ्याच्या चिऱ्यांचे. आमच्या बायकांना वाटले विटाच आहेत.

प्रत्यक्ष जागा अशी आहे. समुद्रात घुसलेला एक डोंगर, त्याच्या दोन अंगांना वाळूचे दोन किनारे, आणि डोंगराच्या पायथ्याला लाटांनी तासलेला खडकाचा एक रुंद ओटा. शाळेच्या भूगोलात याला तरंगघर्षित मंच म्हटले आहे. शब्द पाठ करून आपण परीक्षा दिली, पण तो मंच कसा दिसतो हे ना गुरुजींनी पाहिले होते ना आम्ही. देवळाच्या मागून पायऱ्या डोंगरावर चढतात आणि पलीकडे दोन उंच खडकांच्या मधल्या एका अरुंद घळीतून खाली उतरतात. दोन माणसे समोरासमोर आली तर एकाला अंग चोरावे लागते. खडकाला उभी भेग असली की पाणी आणि वारा आधी तिलाच लागतात, भेग रुंदावते आणि तिची घळ होते. घळीतून उतरले की माणूस एकदम ओट्यावर येतो : समोर उघडा समुद्र, पाठीशी उभा कडा.

त्या कड्याच्या अंगावर जी नक्षी आहे ती पाहून आमच्यातल्या एका मुलीने विचारले, "हे कोणी कोरलं?" मधमाश्यांच्या पोळ्यासारखी हजारो लहान लहान भोके, त्यांच्यामध्ये दगडाच्या पातळ भिंती. कोणी कोरलेले नाही. लाटांचे तुषार दगडाच्या बारीक छिद्रांत मुरतात, ऊन पडले की पाणी उडून जाते आणि मीठ आत राहते. मिठाचे खडे वाढताना छिद्राच्या भिंतींना रेटा देतात, दगडाचा कण निखळतो. रोज असा एखादा कण. हे खारे पाणी गावातल्या मातीच्या भिंतीलाही असेच फोडते. आपल्याकडे भिंतीला लोणा लागला म्हणतात, तोच प्रकार समजावा. ओट्यावर कढईसारखे गोल खळगे आहेत, त्यांत गोटे अडकलेले असतात. लाट आली की ते गोटे आत गरगर फिरतात आणि खळगा खोल करतात. उखळात मुसळ नाही, पण काम तेच.

यात्रेकरूंच्या दृष्टीने यातल्या कित्येक खळग्यांना आणि खुणांना तीर्थांची व पावलांची नावे आहेत. मी त्यावर वाद घातला नाही. मुलांना गोटा खळग्यात फिरवून दाखवला, तेवढे पुरले.

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहायला घेतला तिच्याकडे येतो. हा ओटा दिवसातले काही तासच उघडा असतो. बाकीच्या वेळी त्यावर समुद्र असतो, आणि घळीचे तोंड म्हणजे लाटांचे नळकांडे होते. या वाटेवरून लाटेने माणसे ओढून नेल्याच्या बातम्या कित्येक वर्षे येत आहेत. वाळूचे किनारेही निर्धोक नाहीत. १ फेब्रुवारी २०१६ ला याच जिल्ह्यातील मुरुडच्या समुद्रात पुण्याच्या एका कॉलेजचे चौदा विद्यार्थी बुडाले. मेलेले बहुतेक घाटावरचे, म्हणजे आपल्यासारखे, ज्यांच्या गावात पाणी आपल्या जागेवरून हलत नाही. किनाऱ्यावरच्या पाट्या बहुधा एवढेच सांगतात की पुढे जाणे धोक्याचे आहे. 'आज भरती अमुक वाजता' असे लिहिलेली पाटी मला तरी दिसली नाही. खडूने लिहायचे चार आकडे! कोणत्याही ग्रामपंचायतीला, कोणत्याही शाळेला ते जमण्यासारखे आहे. आमच्या वालूरला बारवेच्या काठावर कोणी असे काही करायची गरज नसते, येथे आहे.

हिशेब अवघड नाही. चंद्राच्या तिथीला तीनाने गुणावे आणि चाराने भागावे. येईल तो आकडा म्हणजे पूर्ण भरतीची वेळ, दिवसाची आणि रात्रीचीही. त्यात सव्वासहा तास मिळवले की पूर्ण ओहोटी. शुक्ल पक्ष असो की कृष्ण, एक ते पंधरा असेच मोजायचे. चतुर्थीला चार त्रिक बारा, भागिले चार, भरती तीन वाजता, ओहोटी सकाळी नऊच्या सुमारास. पौर्णिमा किंवा अमावास्या असेल तर भरती सव्वाअकरा ते बारा, ओहोटी सकाळ-संध्याकाळ सहाच्या आसपास. पुढेमागे अर्धा-पाऊण तास धरून चालावे. कोळी, खारवी यांना गुणाकार लागत नाही, त्यांना अंगातच कळते. आम्ही कारकून, आम्हाला कागद लागतो. ज्यांना अचूक वेळ हवी त्यांच्यासाठी भारतीय सर्वेक्षण विभाग दरवर्षी भरती-ओहोटीचे तक्ते छापतो, आणि मोबाईलवरही ते पाहता येतात. पण मोबाईलला रेंज नसेल तेव्हा गुणाकार कामी येतो. आपण मुहूर्त पाहत नाही, पंचांगाशी आपले देणेघेणे नाही, हे खरे. पण कॅलेंडरवर तिथी पाहणे म्हणजे चंद्र पाहणे, आणि समुद्र चंद्राचेच ऐकतो.

आणखी एक लक्षात ठेवायचे. पौर्णिमा-अमावास्येला सूर्य आणि चंद्र एका रेषेत ओढतात, म्हणून भरती मोठी असते, तिला उधाण म्हणतात. मुंबईला पावसाळ्यातल्या उधाणात पाणी साडेचार मीटरच्या वर चढते, दक्षिणेला हे माप थोडे कमी होत जाते. अष्टमीच्या सुमारास चढउतार कमी, त्याला भांग म्हणतात. उधाणाच्या दिवशी पाणी जितके चढते तितकेच ते खालीही उतरते, म्हणून ओटा पाहायला पौर्णिमेची संध्याकाळ उत्तम आणि पौर्णिमेची दुपार सर्वांत वाईट. आपल्या सहली बहुधा पौर्णिमा पाहून निघतात आणि जेवणाआधी सगळे पाहून घेऊ असे म्हणतात. महाशिवरात्रीला येथे मोठी गर्दी असते. ती चतुर्दशी, म्हणजे भरती साडेदहाच्या सुमारास, ऐन गर्दीच्या वेळी.

आम्ही पोचलो तो दिवस २६ डिसेंबर २०२३, मार्गशीर्ष पौर्णिमा. घड्याळात अकरा. माझ्या वहीत लिहिलेले होते : भरती बारा, चारपर्यंत खाली कोणी नाही. हे ऐकून गाडीत नाराजी पसरली. ड्रायव्हर म्हणाला, दादा, पाच तास काय करायचं? त्याचे म्हणणे, दोनपर्यंत निघालो तर रात्री पुण्याच्या जवळ पोचू. मुले तर बुटांच्या नाड्या सोडून तयार. वरून, पायऱ्यांच्या माथ्यावरून, मी सगळ्यांना खाली पाहायला लावले. ओटा नव्हताच. जेथे दुपारनंतर आम्ही चालणार होतो तेथे पांढरे पाणी कड्यावर आपटत होते, आणि घळीतून ते फवाऱ्यासारखे वर येत होते. तरीही एक-दोन तरुण टोळकी फोटो काढायला निम्म्या पायऱ्यांपर्यंत उतरलेली होती. आमच्यातल्या दोन पोरांनी त्यांच्याकडे बोट दाखवले. त्यांच्या आईने दोघांचे दंड धरले ते चार वाजेपर्यंत सोडले नाहीत.

वेळ काढायला आम्ही उत्तरेकडच्या वाळूवर गेलो. वाळू करडी, काळसर, काळ्या दगडाचाच चुरा. पाण्यात घोट्यापेक्षा खोल कोणी जायचे नाही असा नियम केला. आमच्याबरोबरच्या एका आजीबाईंनी ओंजळीत पाणी घेतले, चाखले आणि थुंकून म्हणाल्या, "एवढं पाणी, अन् पोटात घालायच्या कामाचं न्हाई!" मागे पोफळीच्या बागा होत्या. श्रीवर्धनची रोठा सुपारी प्रसिद्ध. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने या किनाऱ्यावरच्या बागाच्या बागा आडव्या केल्या होत्या, पोफळ पुन्हा फळाला यायला वर्षे लागतात. नव्या रोपांच्या ओळी पाहून ते लक्षात येत होते.

चारला उतरलो. तेच पाणी शहाण्यासारखे मागे सरलेले, ओटा ओला, चकचकीत. आमच्या आधी तेथे तीन-चार स्थानिक बायका होत्या. खडकाला चिकटलेले शिंपले लहानशा लोखंडी हत्याराने फोडून आतले मांस डब्यात टाकीत होत्या. त्यांना कालवे म्हणतात. आमच्यातली एकजण पुढे झाली.

"अवं मावशी, दगडाला काय खरडायलात?"

मावशी हसल्या. कालवे दाखवली. मग आम्हालाच म्हणाल्या, "पोरांना घेऊन त्या टोकाकडे जाऊ नका. अंधार पडायच्या आत वर या. पाणी परत फिरलं की थांबायचं नाय."

त्यांच्याकडे घड्याळ नव्हते. माझा गुणाकार आणि त्यांची नजर यांचा मेळ बसला याचे मला बरे वाटले, पण पुढच्या वेळी त्यांनाच आधी विचारीन. ओट्यावर पायात रबरी तळ असलेली चप्पल असावी, शेवाळावर अनवाणी पाय घसरतो आणि शिंपल्यांच्या कडा पात्यासारख्या कापतात. समुद्राकडे पाठ करून फोटोला उभे राहू नये. सहा लाटा लहान आल्या म्हणून सातवी तशीच येते असे नाही.

साडेपाचला सगळे वर होते. सव्वीस मोजले. रात्री घरगुती सोय असलेल्या एका ठिकाणी थांबलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी बागमांडल्याला गेलो. तेथून गाड्या घेऊन जाणारी फेरीबोट खाडी ओलांडून पलीकडे वेसवीला लावते. जीप, ट्रक, एस.टी.च्या आकाराच्या गाड्या सगळे तिच्यात बसते, पंधरा-वीस मिनिटांत पैलतीर. ही सोय नसेल तर आंबेतच्या पुलापर्यंत मोठा वळसा. पलीकडे बाणकोटचा किल्ला दिसतो. १७५५-५६ मध्ये तो इंग्रजांच्या ताब्यात गेला आणि त्यांनी त्याचे नाव फोर्ट व्हिक्टोरिया ठेवले. त्याच्या पुढे वेळास, नाना फडणवीसांचे गाव, आणि आता कासवांसाठी ओळखले जाणारे. २००२ साली तेथे सह्याद्री निसर्ग मित्र ही संस्था आणि गावकरी यांनी ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी राखायला सुरुवात केली. उत्तरेला श्रीवर्धन हे पेशव्यांच्या घराण्याचे मूळ गाव, आणि या दक्षिण तीरावरच्या मंडणगड तालुक्यात आंबडवे, बाबासाहेबांचे. मध्ये ही एक खाडी.

फेरीवर उभे राहून मी मंडळींना दासगावची गोष्ट सांगितली. डिसेंबर १९२७ च्या महाड परिषदेला बाबासाहेब आणि मुंबईचे प्रतिनिधी पद्मावती बोटीने निघाले, ते दासगाव बंदराच्या मार्गाने. धरमतरवरून मोटारीने जाणे जवळचे होते. पण मोटारवाल्यांनी बहिष्कार टाकला तर माणसे अर्ध्या वाटेत अडकतील, आणि दासगावहून महाड पाचच मैल, पायी चालत जाता येईल, हा विचार करून लांबचा मार्ग घेतला. २५ डिसेंबरला दुपारी ती मंडळी दासगावला उतरली आणि तेथून मिरवणुकीने महाडला चालत गेली. समुद्रातून दासगावला जायचे म्हणजे याच मुखातून आत शिरावे लागते, डाव्या हाताला हरिहरेश्वर, उजव्या हाताला बाणकोट. दुसरे दारच नाही. रस्ता ज्यांच्या हातात होता ते वाट अडवू शकत होते, खाडी कोणाच्या हातात नव्हती.

मला येथेही हिशेब करायचा मोह आवरला नाही. २४ डिसेंबर १९२७ ला अमावास्या होती, त्या दिवशी खंडग्रास सूर्यग्रहणही झाले. म्हणजे २५ तारखेला प्रतिपदा. भरती मुखाशी पाऊण-एकच्या सुमारास, आत दासगावला त्याहून काहीशी उशिरा. उधाणाची भरती. दुपारी दासगावला पोचलेल्या मंडळींचा खाडीतला प्रवास सकाळचा असणार, आणि सकाळभर समुद्राचे पाणी आतच चाललेले असणार. खाडीतल्या बोटी भरतीचा पाठिंबा घेऊनच वर जात.

हीच भरती नदीला पूर असताना वैरी होते. २२ जुलै २०२१ ला महाड बुडाले तेव्हा पौर्णिमा दोन दिवसांवर आली होती. खाडीला उधाण असले की सावित्रीचे पाणी उतरायला जागा राहत नाही. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळचा ब्रिटिशकालीन पूल पुरात कोसळला, दोन एस.टी. बस आणि इतर वाहने वाहून गेली, आणि त्यातल्या माणसांचे मृतदेह शोधायला लोकांना या खाडीने थेट समुद्रकिनाऱ्यापर्यंत यावे लागले. नवा पूल २०१७ च्या जूनमध्ये सुरू झाला. आम्ही महाडला त्यावरूनच गेलो होतो.

आमचा तो दिवस २७ डिसेंबर, पौर्णिमेनंतरची प्रतिपदा. घड्याळात साडेनऊ. तात्यांनी फेरीच्या कठड्यावरून खाली पाहिले आणि विचारले, "पाणी कोणीकडं चाललंय हे?" एक नारळाची शेंडी बोटीच्या बाजूने जात होती, समुद्राकडून आत, दासगावच्या दिशेने, चालत्या माणसाच्या वेगाने. ती दिसेनाशी होईपर्यंत सगळे पाहत उभे राहिले. मग फेरी वेसवीला लागली, ड्रायव्हरने गाडी सुरू केली आणि आम्ही मंडणगडमार्गे आंबडव्याच्या रस्त्याला लागलो.